बंदुकीचा वाटा

"ही मांडी नाय. बरगडी हाय ही. परत ने."

शेठ मला हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या घराच्या मागच्या दारी, गोठ्याला लागून एक चपटा दगड आहे. तो आमच्यासाठी. काही द्यायचं असलं तर त्यावर ठेवायचं, काही मिळायचं असलं तर त्यावरून उचलायचं. हातातून हातात काही नाही. मी पळसाच्या पानांत बांधलेलं डुकराचं मटण त्या दगडावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरकले. मागे सरकायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आई सरकायची, म्हणून मी सरकले. शेठ बाहेर आले, गोठ्यातली काठी घेतली आणि काठीच्या टोकाने पानं उलगडून बघितली. मग ते वाक्य.

मी म्हटलं, "बानं हेच दिलंय."

"तुझ्या बाला जाऊन सांग, बंदुकीचा वाटा म्हणजे मागची उजवी मांडी. बंदूक कुणाची हाय ते विसरला काय?"

पडवीत दोघंतिघं बसले होते. त्यातला एक हसला. मी पुडकं उचललं आणि ओढा ओलांडून परत वाडीवर आले.

मांडी सोमीकाकीच्या टोपात होती. सोमीकाकी आमच्या शेजारची. चार दिवसांची बाळंतीण, अंगावर दूध येत नव्हतं. वाडीने मिळून ठरवलं होतं, या वेळी मांडी तिला. शेठना बरगड्या जास्त देऊ, एवढं काय बघणार आहेत ते. चुलीवर टोप रटरटत होता. बाने माझं ऐकून घेतलं. काकीच्या झोपडीत गेला, झाकण काढलं, अर्धवट शिजलेली मांडी बाहेर काढली, पाण्याने धुतली, नव्या पानांत बांधली आणि माझ्या हातात दिली. सोमीकाकी गोधडीवर पडल्या पडल्या बघत होती.

परत त्या दगडाशी. परत काठी. पानांतून वाफ निघाली.

"उकडून आणलंत? बरं झालं, माझं सरपण वाचलं."

आता सगळेच हसले. मीही हसले, हे सांगायला मला लाज वाटते. मोठी माणसं हसली की पोरांनी हसायचं असतं असं वाटलं असेल. घरी आले तेव्हा बा ओढ्यावर हात धूत होता. बराच वेळ धूत होता.

आम्ही कातकरी. रोह्याच्या पुढे कुंडलिका नदी ओलांडून गेलं की डोंगराच्या पायाशी आमची वाडी आहे. सतरा घरं. घरांखालची जमीन शेठची, खालची भातशेती शेठची, ओढ्याकडे जाणारी पायवाट शेठच्या बांधावरची. माझा बा त्यांच्या शेताची राखण करायचा. त्याचं नाव गोमा. शेठ त्याला गोम्या म्हणतात. त्यांचा नातू पहिलीत आहे, तोही गोम्याच म्हणतो.

शेठकडे दोन बंदुका होत्या. आमच्या वाडीला माहीत होतं, शेठच्या घराला माहीत होतं, सरकारला माहीत नव्हतं.

एक होती एकनळी, काडतुसांची. तिला परवाना होता, पिकाच्या संरक्षणासाठी दिलेला. नळीवर नंबर, परवान्याच्या पुस्तकात तोच नंबर, बाजूला शेठचा फोटो आणि गोल शिक्का. काडतुसं किती घेतली आणि किती उडवली हेही सांगावं लागतं म्हणे. म्हणून शेठ ती उडवू द्यायचे नाहीत. ती कपाटात असायची. बा तिला सरकारी म्हणायचा.

दुसरी ठासणीची. वरून दारू भरायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचं. शेठच्या वडिलांच्या वेळची. नंबर नाही, कागद नाही, फोटो नाही. गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात ठेवलेली असायची. तिला बा म्हातारी म्हणायचा. दारू आणि छर्रे शेठ आणून द्यायचे. शेठचं पीक राखलं ते म्हातारीने आणि बाने. कपाटातल्या बंदुकीला वर्षातून एकदा तेल मिळायचं, तेही बाच लावायचा.

भात पिवळं पडायला लागलं की डोंगरातून डुकरं उतरतात. कळप शेतात घुसला तर सकाळी नांगरल्यासारखं दिसतं. बा शेतातल्या माळ्यावर बसायचा, वाडीतले चारपाच जण हाकारे घालायचे. कधी नुसता बार काढून भागायचं. कधी एखादं पडायचं. पडलं की वाटे. हाकारे घालणारे जेवढे तेवढे वाटे. कुत्र्यालाही वाटा, ज्याचा कुत्रा त्याने तो न्यायचा. आणि एक वाटा बंदुकीचा. मागची उजवी मांडी. ज्याची बंदूक त्याची मांडी. हा रिवाज आमच्या आज्यापणज्यापासूनचा, त्यात कोणी खोट काढत नाही. बार काढणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही, तो हाकाऱ्यांतलाच एक. मी लहानपणी बाला विचारलं होतं, बंदूक मटण खाते कशी? बा म्हणाला, "तिचा मालक खातो."

शेठाणीबाईंना घरात डुक्कर चालत नव्हतं. म्हणून शेठ गोठ्यामागे तीन दगडांवर वेगळा टोप चढवायचे. त्या टोपाचा वास ओढ्यापर्यंत यायचा.

रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. ती आमच्याकडे कधीच नव्हती. शेठनी काढली नाही आणि आम्हाला ती कुठे मिळते हे ठाऊक नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. कोणी विचारायच्या आधी सांगते आहे.

मी आश्रमशाळेत शिकले. दहावी झाले. मग पेणला कामाला आले. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात घासकाम करते. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची. रंग दुसरे लावतात, डोळे तर फक्त जुने कारागीर काढतात. माझ्या वाट्याला पांढरी पूड. केसांत, पापण्यांत, नखांत. तिथेच एका खोलीत आम्ही चौघी बायका राहतो.

मागच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. भात कापणीला आलं होतं. दुपारी सोमीकाकीचा फोन आला.

"गो, तुज्या बाला चौकीत बसवलाय. बंदुकीचं कायतरी हाय. तू ये लवकर."

मी हात न धुता निघाले. पेणहून रोह्याची गाडी मिळाली, पुढे मिनीडोर रिक्षा. चौकीत शिरले आणि पहिलं काय दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. टेबलावर दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवलेल्या. त्यांच्याखाली वर्तमानपत्र अंथरलेलं. भिंतीला लागून एक बाकडं, रिकामं. आणि बा खाली फरशीवर, उकिडवा. त्याच्याखाली काही अंथरलेलं नव्हतं.

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "ही कोण? पिठाच्या गिरणीतनं आली काय?"

"मुलगी त्याची," मी म्हटलं.

"बस मग. त्याच्याशेजारी बस." बाकड्याकडे त्याने बोटही केलं नाही. मी बसले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले.

बाने मला हळू आवाजात सांगितलं ते असं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. निवडणूक झाली की परत मिळतात. शेठ बऱ्याचदा मुंबईत असतात. ते फोन करायचे, शेठाणीबाई कपाट उघडून द्यायच्या, बा सरकारीला गोणपाटात गुंडाळून, परवान्याचं पुस्तक खिशात घालून चौकीत न्यायचा आणि पावती घेऊन यायचा. दर निवडणुकीला. चौकीतले त्याला ओळखायचे. आला बंदूकवाला, असं म्हणायचे. बाला त्याचं थोडं भूषणही होतं.

या वेळी पोलीस पाटील वाडीवर आले होते. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "ज्याच्या घरात जे हत्यार असंल ते जमा करा. एक पण ठेवू नका. मागनं सापडलं तर मालकावर गुन्हा."

बाने ते नीट ऐकलं. त्याला वाटलं, शेठच्या घरात तर दोन आहेत. एकच नेली आणि दुसरी मागनं सापडली तर शेठवर गुन्हा होईल. म्हणून सरकारी घेतल्यावर तो गोठ्याच्या माळ्यावर चढला, पेंढ्यातून म्हातारी काढली, पुसली, तिलाही गोणपाटात बांधली. दोन्ही खांद्यावर टाकून चालत चौकीत आला आणि टेबलावर ठेवल्या. हवालदाराने एकीचा नंबर लिहून घेतला आणि विचारलं, दुसरीचं पुस्तक?

"तिला पुस्तक नाय साहेब. ती म्हातारी हाय."

सगळे हसले म्हणे. मग एकदम कोणी हसेना.

सरकारचा हुकूम शब्दाला शब्द पाळणारा त्या दिवशी अख्ख्या भागात एकच माणूस निघाला आणि त्यालाच खाली बसवून ठेवला होता. मला इतका राग आला होता, पण कोणाचा आला होता ते तेव्हा कळत नव्हतं. थोडा बाचाही आला होता.

संध्याकाळ व्हायच्या आत शेठ गाडीने आले. त्यांना खुर्ची दिली. चहा आला. शेठनी टेबलाकडे बघितलं, पण म्हातारीला हात लावला नाही.

"ही नंबरवाली माझी. परवाना हाय तिला. ही दुसरी माझी नाय."

"मग ह्याच्याकडे कुठनं आली?" हवालदार म्हणाला.

"रानातली माणसं ही. यांच्याकडे असतात असल्या."

मग ते माझ्या बापाकडे वळले. आवाज अगदी साधा, रोजचा. शेतावर विचारतात तसा.

"काय रे गोम्या? माझी हाय का ही?"

बाने मान वर करून शेठकडे बघितलं. चाळीस वर्षं शेठनी काही विचारलं की शेठना जे हवं तेच उत्तर त्याने दिलं होतं. पाणी आहे का रे, आहे शेठ. दमलास का रे, नाय शेठ. दुसरं उत्तर त्याला येतच नव्हतं.

"नाय शेठ," बा म्हणाला.

मी तिथेच उभी होते. दोन पावलांवर. मला माहीत होतं बंदूक कोणाची. नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. बाळंतिणीच्या टोपातून निघालेली मांडी माझ्या हातात गरम लागत होती, ती जागा मला आत्ताही दाखवता येईल. आणि मी बोलले नाही. पुढे जे काही केलं ते केलं, पण त्या दिवशी मी गप्प बसले, हे आधी लिहून ठेवते.

हवालदाराने पंचनामा लिहिला. त्यात होतं की आरोपी हा चौकीच्या अलीकडील रस्त्यावर गावठी बनावटीची ठासणीची बंदूक विनापरवाना बाळगून संशयास्पदरीत्या फिरत असताना मिळून आला. विचारपूस केली असता त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली. वाचून मला हसावं की रडावं कळेना. उडवाउडवीचं उत्तर देता आलं असतं तर बा तिथे बसलाच नसता. त्याने अंगठा उमटवला. सरकारीची पावती शेठनी घडी करून खिशात घातली.

बाहेर गाडीजवळ त्यांनी मला बोलावलं.

"घाबरू नको. जामिनाचं होईल कायतरी. पण ध्यानात ठेव. तुम्ही गोठ्याचं नाव काढलंत तर मी डुकरांचं नाव काढीन. अख्खी वाडी आत जाईल."

बा अठरा दिवसांनी सुटला. सरकारकडून मिळालेल्या वकीलबाईंनी जामीन करून दिला. दर सोमवारी चौकीत हजेरी. पुढे निवडणूक आटोपली. सरकारी तिच्या कपाटात परत गेली, या वेळी शेठ स्वतः जाऊन घेऊन आले. बंदूक सुटली आणि बा हजेरी देत बसला. तो पहिल्यासारखा राहिला नाही. वाडीत कोणाकडे जाईना. कुत्रा पायाशी आला तरी हात फिरवीना. सोमवारी मात्र भल्या सकाळी तयार होऊन बसायचा, उशीर होईल म्हणून.

वकीलबाई तरुण आहेत. रोह्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसून त्यांनी मला कायदा समजावला. मी विचारलं, परवाना पीक राखायला देतात ना? मग राखण करणाऱ्याला का देत नाहीत?

"ज्याच्या नावावर जमीन, ज्याचं पीक, तो अर्ज करणार. त्याची चौकशी होणार, त्याला मिळणार."

"आणि ज्याच्या नावावर काहीच नाही?"

"त्याच्या नावावर गुन्हा होऊ शकतो," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी आणखी एक सांगितलं. दुसऱ्याची परवान्याची बंदूक त्याच्यासाठी ने-आण करायची तर मालकाची लेखी चिठ्ठी लागते. बाजवळ ती कधीच नव्हती. म्हणजे इतक्या निवडणुकांना बा सरकारी घेऊन गेला, ते सगळं बेकायदा होतं. प्रत्येक वेळी त्याला धरता आलं असतं. फक्त तोवर कोणाला गरज पडली नव्हती.

मी कायद्याला नावं ठेवत नाही. बंदुकीला परवाना पाहिजेच. नंबर पाहिजे, फोटो पाहिजे, निवडणुकीत जमा करायलाच पाहिजे. घरोघरी बंदुका झाल्या तर पहिला बार आमच्यावरच निघेल, एवढं मला कळतं. मला बंदूक नको आहे. पण कागद ज्याच्या खिशात तो खरा आणि बंदूक ज्याच्या खांद्यावर तो चोर, असं कायद्यात कुठे लिहिलंय ते मला दाखवा. मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं लिहिलेलं नाही, पण म्हातारी शेठची होती याला पुरावा पाहिजे. कागद आहे का? साक्षीदार आहे का?

कागद नव्हता. गोठ्याचा माळा शेठनी दुसऱ्याच दिवशी साफ करून घेतला होता.

"बंदुकीचा वाटा," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. मी सगळं सांगितलं. मांडी, दगड, काठी, टोप. म्हातारीने मारलेल्या प्रत्येक डुकराची मागची मांडी त्या दगडावर गेली आहे. बंदूक बाची असती तर मांडी आमच्या घरी शिजली असती. वाडीतलं प्रत्येक माणूस हे जाणतं, आणि शेठनी एकदाही मांडी नाकारलेली नाही. उलट चुकीचा तुकडा आला तर परत पाठवला आहे.

वकीलबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "हे कोर्टात सांगायचं तर डुकरं मारली हे आधी कबूल करावं लागेल. वनखातं गुन्हा दाखल करू शकतं. तुझ्यावर, वडिलांवर, सगळ्यांवर. विचार कर."

मी वाडीवर गेले. आंब्याखाली सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. कोणी तयार झालं नाही. हाकाऱ्यांतला एक म्हणाला, "तुजा बा सुटंल. आमची पोरं कोण बघंल?" त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नव्हता. बा तर मान खाली घालून बसला होता. शेवटी एवढंच म्हणाला, "कशाला गो? होईल तसं होईल." मी हमरापूरला परतले आणि वर्षभर गणपती घासले.

मग पुन्हा भात पिवळं झालं. गणपतीचा हंगाम संपला होता, मी आठ दिवसांच्या सुटीवर घरी आले होते. सकाळी शेठ वाडीवर आले. पायाने, ओढा ओलांडून. ते असे फारसे येत नाहीत. सगळे बाहेर आले.

"गोम्या, डुकरांनी खालचा तुकडा उलथला बघ. आजपासनं राखणीला ये. सरकारी देतो तुला. काडतुसं पण देतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाच्या बंदुकीपायी बा अठरा दिवस आत राहून आला, तो माणूस दारात उभा राहून पुन्हा बंदूक देत होता. चिठ्ठी नाही, काही नाही. आणि त्यांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. हेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

"आणि हे बघ," शेठ म्हणाले, "तारखेला गुन्हा कबूल करून टाक. गरीब माणूस म्हणून साहेब दया दाखवतात. मिटून जाईल."

"व्हय शेठ," बा म्हणाला. तो उठलासुद्धा. खांद्यावर पंचा टाकला.

मी दारात जाऊन उभी राहिले.

"बा येणार नाय."

शेठनी माझ्याकडे बघितलं. "मग डुकरं कोण हाकलणार? तू?"

"परवाना ज्याच्या नावावर हाय तो."

खरं सांगते, माझे पाय मागे जायला निघाले होते. ती चार पावलं. पाय आपले आपण जातात, त्यांना लहानपणापासून तेच माहीत. मी दाराची चौकट धरून ठेवली.

"कोणाशी बोलतेस कळतंय का तुला?"

"कळतंय. त्या दगडावर मांडी मी ठेवायची. ज्याची मांडी त्याची बंदूक. हे मी कोर्टात सांगणार हाय."

"मग डुकरं मारली ते पण सांग."

"ते पण सांगणार."

शेठ वाडीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत ना? ही तुम्हाला आत घालायला निघालेय. तुमची घरं कोणाच्या जमिनीवर हायत ते पण सांगा हिला कोणीतरी."

दोन घरांची दारं लागली. हाकारे घालणारे खाली बघत उभे राहिले. मग सोमीकाकी पुढे आली. पदराला हात पुसत आली, भाकरी टाकत असावी.

"माज्या टोपातनं काढली मांडी," ती शेठना म्हणाली. "चार दिसांची बाळंतीण हुती मी. मी पण सांगन."

एवढंच. तिच्या मागून दुसरं कोणी आलं नाही. शेठ निघून गेले. बाने खांद्यावरचा पंचा काढला, वलणीवर टाकला आणि आत जाऊन बसला. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. पण राखणीला गेला नाही.

त्या हंगामात शेठचा खालचा तुकडा डुकरांनी साफ केला. सरकारी कपाटातच राहिली, कारण ती घेऊन चिखलात बसणारं त्या घरात कोणी नव्हतं. आठवड्यात शेठनी बांधावरची वाट काट्यांनी बंद केली. आता पाण्याला लांबून जावं लागतं, साऱ्या वाडीला. वाडीतली बरीच माणसं आमच्याशी बोलत नाहीत. हंडा घेऊन वळसा घालताना माझ्या घराकडे बघतात आणि पुढे जातात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. सोमीकाकीचा मुलगा, तेव्हा चार दिवसांचा होता तो, आईला म्हणतो, कशाला पडतेस यात. काकी त्याला म्हणते, "तुला दूध मिळालं नाय, म्हणून."

वकीलबाईंनी बचावाचे साक्षीदार म्हणून दोन नावं कोर्टात दिली आहेत. माझं आणि काकीचं. तारीख लागली आहे. त्यांनी मला पुन्हा विचारलं, नक्की ना? बा अजून म्हणतो, कशाला गो. कारखान्याच्या मालकाला मी आधीच सांगून ठेवलंय, माझ्यावर गुन्हा झाला तर माझी जागा दुसऱ्या बाईला द्या.

त्या दिवशी मी रोह्याला जाणार. हात धुऊन जाणार, पूड राहू देणार नाही. पिंजऱ्यात उभी राहून नाव सांगेन, बापाचं नाव सांगेन, गोम्या नाही, गोमा सांगेन. मला विचारतील, डुक्कर मारलं का? हो, मारलं. खाल्लं का? हो. मीही खाल्लं. त्याची जी काय शिक्षा असेल ती लिहा, मी भोगते. पण मागची उजवी मांडी मी या हातांनी कोणाच्या दारातल्या दगडावर ठेवली आणि ती कोणी उचलली, हेही लिहा. शब्दाला शब्द लिहा. ते लिहून मला वाचून दाखवल्याशिवाय मी त्या पिंजऱ्यातून एक पाऊल मागे घेणार नाही.